घायपात नव्हे, अननसाची बहीण!

रोहिणखेडसारख्या गावी बांधावरची घायपात तुम्ही पाहिली असेल. रोपवाटिकेत तसाच पानांचा झुबका, पण रुपेरी आडव्या पट्ट्यांचा दिसला, तर तो घायपातीचा समजू नका. ती एक्मिया फॅसिआटा; मूळची ब्राझीलची, अननसाच्या कुळातली. पानावर बोट फिरवा (एकदाच हं!). रुपेरी थर पुसला जातो. ती धूळ नसून सूक्ष्म खवले असतात आणि तेच पाणी शोषतात. मुळांचे मुख्य काम झाडाला घट्ट धरण्याचे. तरीही हे बांडगूळ नव्हे. झाडाचा रस ती घेत नाही.

पानांच्या मधल्या पेल्यात शक्यतो पावसाचे पाणी ठेवा. विहिरीच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात. दर आठवड्याला ते ओतून टाका. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो! वैशाखात कुंडी सावलीतच हवी.

वाढलेले रोप फुलत नाही? पेला रिकामा करून ते पिकलेल्या केळ्यासह प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून सावलीत ठेवा. केळ्यातून निघणारा एथिलीन वायू फुलोऱ्याला चालना देतो. दोन-तीन महिन्यांत गुलाबी तुरा येतो, त्यात इवली निळी फुले. घायपातीप्रमाणेच हे रोप एकदा फुलून हळूहळू मरते. तोवर बुडाशी पिल्ले आलेली असतात. ती आईच्या निम्म्या उंचीची झाली की वेगळी लावा.