लहान सोंगटी, मोठा हुन्नर

कोल्हापूर हे चित्रकारांचे गाव. शाहू महाराजांच्या दरबारात आबालाल रहिमान यांनी नाव कमावले. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले. त्यांच्यामागून बोर्ड आणि बॅनर रंगवणाऱ्यांच्या पिढ्या येथे झाल्या. फ्लेक्स आला आणि यांपैकी अनेकांचे काम गेले. हात तयार आहे, गिऱ्हाईक मात्र नाही. अशा कारागीर बांधवांनी खेळातील पत्ते व सोंगट्या रंगवण्याच्या कामाकडे जरूर पाहावे.

याचा नमुना दूर नाही. आंबोली घाट उतरला की सावंतवाडी लागते. तेथे गंजिफाचे गोल पत्ते आजही हाताने रंगवले जातात. हा खेळ इराणी वळणाचा. बाबराने 1527 मध्ये सिंधला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफात 8 रंगांची 96 पाने, तर दशावतारी गंजिफात 10 रंगांची 120 पाने असतात. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्का ते दश्शी. छापील पत्ते स्वस्त झाले आणि ही कला बुडू लागली. 1970 नंतरच्या काळात शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती सावरली. आता हे पत्ते खेळण्यापेक्षा संग्रहासाठी आणि भेट देण्यासाठी अधिक घेतले जातात.

परदेशातही असेच काम आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीच्या प्लास्टिकच्या लहान मूर्ती बहुतेक बिनरंगी विकल्या जातात. गिऱ्हाईक त्या हौसेने रंगवतो किंवा मजुरी देऊन रंगवून घेतो. रंगकामाची त्यांची स्पर्धा 1987 पासूनची आहे.

बोर्ड रंगवणाऱ्याला येथे सवय बदलावी लागते. बोर्ड दहा फुटांवरून पाहतात, सोंगटी डोळ्यांजवळ धरून. म्हणून मूर्ती आधी साबणाच्या पाण्याने धुवावी, वाळवावी आणि प्रायमरचा पातळ हात द्यावा. ॲक्रिलिक रंगात थोडे पाणी मिसळावे. एका जाड हाताने बारकावे बुजतात. दोन पातळ हात द्यावेत, पहिला वाळल्यावरच दुसरा. खाचांत गडद पातळ रंग सोडावा, उंचवट्यावर फिकट छटा द्यावी. डोळे व रेघा शेवटी. मनगट टेबलावर टेकवावे. ब्रश फार बारीक असण्यापेक्षा त्याचे टोक नीट जुळणारे असावे. सर्वांत शेवटी वॉर्निश.

आता हिशेब. एका पानाला 20 मिनिटे धरली, तर 120 पानांच्या जोडाला 40 तास लागतात. आठ तासांचा दिवस धरला, तर पाच दिवसांची मजुरी झाली. भाव सांगताना ही मजुरी आधी धरावी, मग रंग, डबी आणि दुकानदाराचे कमिशन. वेळ वाचवायचा तर एकेक पान पुरे करू नये. दहा पाने मांडून सर्वांवर एकच रंग लावावा, मग पुढचा घ्यावा. दहावे पान होईपर्यंत पहिले वाळते.

सुरुवातीला संपूर्ण जोड करू नये. एकाच रंगाची बारा पाने करावीत आणि ती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्या आणि बाराव्या पानाची रेघ सारखी उतरली, तरच ऑर्डर घ्यावी.