कर्णवेध : पालीचा आणि तरुणास्थीचा

कर्णवेध हा षोडश संस्कारांपैकी एक. मराठवाड्यात तो बहुधा बारशाच्या दिवशी किंवा त्यानंतर लवकरच उरकला जातो. सोनार सोन्याची बारीक तार पालीतून आरपार नेतो, तिला पीळ देतो, वर हळद व खोबरेल लावले जाते आणि बाळाचे रडणे थांबण्यापूर्वीच सोनाराच्या हाती शिधा व दक्षिणा पडलेली असते. 'सोनारानेच कान टोचावे' ही म्हण त्या हाताच्या सफाईवरूनच आली. परंतु सोनाराचा हा सारा अनुभव कर्णपालीचा होता, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. आज नांदेडच्या सराफ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईभोवतालच्या दुकानांत तरुण मुलेमुली जी मागणी घेऊन येतात, ती पालीची नसून कानाच्या वरच्या कडेची, म्हणजे तरुणास्थीची असते. कान तोच, सुईही कदाचित तीच. पण वेध निराळा, व्रण निराळा आणि उपद्रवही निराळे. प्रस्तुत लेखात आम्ही या भेदाचा विचार करणार आहोत.

ही मागणी परदेशातून आलेली आहे असे समजून रुग्णाला उपदेश करणाऱ्या वैद्यबंधूंना एक गोष्ट नम्रपणे सुचवावीशी वाटते. कानाचा वरचा भाग टोचणे आपल्याकडे जुनेच आहे. बुगडी कानाच्या वरच्या कडेलाच घालतात, आणि १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' या चित्रपटातील लावणीने तर ती घरोघरी पोहोचवली. पुरुषांची भिकबाळी उजव्या कानाच्या वरच्या भागात घातली जात असे. पेशवाईतील हा अलंकार अलीकडे लग्नसमारंभांतून पुन्हा दिसू लागला आहे. नाथपंथातील कानफाटे योगी तर कानाच्या मधल्या कूर्चेतच छेद घेऊन कुंडले धारण करीत आले. तेव्हा 'आमच्या आजीच्या कानात बुगडी होती, तिला काही झाले नाही' असे एखादी मुलगी म्हणते, तेव्हा ती खोटे बोलत नसते. मात्र जिचा कान पिकून आक्रसला, ती पुढे बुगडी घालून मिरवली नसणार. म्हणून तिची आठवणही कोणी सांगत नाही.

आता शास्त्राकडे वळू. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात कर्णव्यधाचा विधी दिला आहे. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, शुक्लपक्षात, बालकाला मांडीवर घेऊन, डाव्या हाताने कान ओढून धरावा. सूर्यकिरणांत जे स्वाभाविक छिद्र उजळून दिसते तेथेच उजव्या हाताने सरळ व हळुवार वेध करावा. कान पातळ असेल तर सुईने, जाड असेल तर आरेने. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. नंतर कापसाची वात घालून ती कच्च्या तेलाने भिजवावी आणि दर तिसऱ्या दिवशी किंचित जाड वात बसवावी. वाग्भटाचार्य स्थान आणखी स्पष्ट करतात : कर्णपीठाच्या मध्यावर, किंचित गालाकडील बाजूस, जेथे केवळ नाजूक पडद्याचेच आवरण असल्यासारखे वाटते तेथे. हे वर्णन कानाच्या वरच्या कडेचे नव्हे, हे सांगण्यास टीकाकाराची गरज नाही.

याच अध्यायातील पुढचा भाग अधिक महत्त्वाचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत कमी वाचला जातो. रक्त फार आले किंवा वेदना फार झाल्या, तर वेध भलत्या ठिकाणी झाला असे समजावे, असे आचार्य सांगतात. कालिका, मर्मरिका व लोहितिका या तीन सिरांच्या वेधाने ज्वर, दाह, शोथ, ग्रंथी, मन्यास्तंभ, अपतानक व शिरोग्रहापर्यंतचे उपद्रव त्यांनी नोंदवले आहेत. बोथट वा वाकडी सुई, फार जाड वात किंवा दोषप्रकोप यांमुळे शोथ व वेदना झाल्यास काय करावे? प्रथम वात काढून टाकावी. मग यष्टिमधु, एरंडमूळ, मंजिष्ठा, यव व तीळ यांचा कल्क मध व घृतासह लावावा. व्रण पूर्ण भरल्यावरच पुन्हा वेध करावा. लेपाचे द्रव्य आपण पाठ करतो. लेपाआधी शल्य काढण्याची आज्ञा मात्र विसरतो.

तरुणास्थीचे वेगळेपणही शास्त्राला ठाऊक आहे. शारीरस्थानात नाक, कान, मान व अक्षिकूट ही तरुणास्थींची स्थाने म्हणून सांगितली आहेत, आणि भग्ननिदानात तरुणास्थी मोडत नाहीत, वाकतात, असे म्हटले आहे. आधुनिक शारीरशास्त्र याला आणखी एक बाब जोडते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर घट्ट बसलेल्या पातळ आवरणातूनच तिचे पोषण होते. पालीत कूर्चा मुळीच नाही, केवळ त्वचा व मेद, रक्तपुरवठाही भरपूर. म्हणून पालीचा व्रण सहा ते आठ आठवड्यांत भरतो, तर वरच्या कडेचा भरण्यास तीन ते सहा महिने, क्वचित वर्षही लागते. आवरण व कूर्चा यांच्यामध्ये पू साठला, तर आवरण उचलले जाते, पोषण तुटते आणि कूर्चा मरते. तालमीतील पैलवानांचे मोडलेले कान आपण सर्वांनी पाहिले आहेत. तेथे पुवाऐवजी रक्त साठते, एवढाच फरक, परिणाम तोच. असा आक्रसलेला कान पूर्ववत करण्यासाठी शल्यचिकित्सकाला बरगडीची कूर्चा काढून नवी चौकट घडवावी लागते. ही शस्त्रक्रिया अवघड आहे आणि ती सर्वत्र होत नाही.

या उपद्रवाचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात २००० साली घडला. तेथे दागिन्यांच्या एका छोट्या दुकानात कान टोचून घेतलेल्यांपैकी सात जणांना स्यूडोमोनास या जंतूचा संसर्ग सिद्ध झाला व आणखी अठरा जणांना तो झाल्याचा संशय होता. सिद्ध झालेले सातही जण १० ते १९ वर्षांचे होते. चौघांना रुग्णालयात दाखल करावे लागले, चौघांच्या कानाला छेद देऊन पू काढावा लागला आणि कित्येकांचे कान कायमचे विद्रूप झाले. जंतू कोठून आला? दुकानातील हात धुण्याच्या बेसिनमधून आणि, आश्चर्य म्हणजे, जंतुनाशकाच्याच बाटलीतून. पालीपेक्षा वरच्या कडेच्या वेधात संसर्गाचा धोका स्पष्टपणे अधिक आढळला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अहवालातील आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या व्यावसायिकांनी टिपून ठेवण्याजोगी आहे : बहुतेक रुग्णांना प्रथम जी प्रतिजैविके दिली गेली, ती या जंतूवर चालणारीच नव्हती.

स्यूडोमोनास हा ओलाव्यात व साठवलेल्या पाण्यात सुखाने वाढणारा जंतू आहे. लातूरकरांना यापुढे काही सांगावे लागू नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर. टाकी, पिंप, घागर, बादली यांत दिवसेंदिवस पाणी साठवून ठेवण्याची सवय येथील घराघरांत व वसतिगृहांत मुरलेली आहे. नांदेडला गोदावरी असली तरी उन्हाळ्यात अनेक वस्त्यांत स्थिती फारशी निराळी नसते. पिण्यास चालणारे पाणी ताज्या व्रणास चालेलच असे नाही. शिकवणीसाठी लातुरात एकटी राहणारी सतरा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणा. मैत्रिणींबरोबर जाऊन तिने कान टोचला, घरी कळवलेले नाही, व्रण ती पिंपातल्या पाण्याने धुते आणि दुपारी गाडीवर जाताना कान व तोंड ओढणीने करकचून बांधते. घाम, दाब आणि ओलावा, तिन्ही एकाच ठिकाणी. दुखू लागले तरी परीक्षा जवळ आली म्हणून ती आठवडाभर कोणालाच दाखवत नाही.

ती जेव्हा आपल्यासमोर येते, तेव्हा निदान कठीण नसते. पहिले काही आठवडे वेधाभोवती किंचित लाली, थोडी ठणक, पांढुरकी खपली हे स्वाभाविक आहे. परंतु कानाचा वरचा भाग लालभडक, गरम व सुजलेला आहे, हलवला तरी कळ निघते, कडेच्या घड्या सुजेत बुजून गेल्या आहेत, आणि पाली मात्र जशीच्या तशी मऊ व निरोगी आहे, असे दिसले की तो कूर्चावरणाचा शोथ समजावा. पाली वाचलेली असणे हीच त्याची खूण; केवळ त्वचेचा संसर्ग असता तर पालीही सुजली असती. अशा रुग्णाला त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत ही सोय आहे. किनवट, देगलूर किंवा निलंग्याहून निघणाऱ्या रुग्णाला 'दोन दिवस लेप लावून पाहू' असे सांगणे म्हणजे कूर्चेचे दोन दिवस खर्चणे होय. अलंकार केव्हा काढायचा, पू साठला आहे काय, कोणते प्रतिजैविक द्यायचे, हे निर्णय तज्ज्ञाने घ्यावेत. स्यूडोमोनासवर चालणारी औषधे मोजकीच आहेत आणि नेहमीच्या अमॉक्सिसिलिनचा येथे उपयोग होत नाही.

जलौकावचारणाविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. शोथ, दाह व रक्तदुष्टी दिसली की जळू लावण्याचा मोह काही सहकाऱ्यांना होतो. जळवेच्या आतड्यात एरोमोनास नावाचा जंतू राहतो. म्हणूनच सुघटन शल्यचिकित्सक जळवा वापरतात तेव्हा सोबत प्रतिजैविकही देतात. आधीच पोषण तुटत चाललेल्या कूर्चेवर नवा जंतू सोडण्यात आम्हाला कोणतेही शहाणपण दिसत नाही. अन्य व्याधींत जळवेचे मोल आहेच. येथे ती टाळावी.

ज्यांना वेध करूनच घ्यायचा आहे, त्यांना नुसते नाही म्हणून भागणार नाही. ते दुसरीकडे जाऊन करून घेतील. त्यांना काळ निवडायला सांगावे. वाग्भटाचार्यांनी हिमागमाची वेळ सांगितली आहे, आणि मराठवाड्यात तिचे महत्त्व विशेषच : दिवाळीनंतरचे तीन महिने उत्तम, चैत्र-वैशाख सर्वांत वाईट. नेमकी लग्नसराई व सुटी तेव्हाच असते, हे आपले दुर्दैव. कुटुंबात व्रणग्रंथीची, म्हणजे जखमेची खूण वाढून गाठ होण्याची प्रवृत्ती आहे का, मधुमेह आहे का, धनुर्वाताची लस केव्हा घेतली, हे विचारावे. सुई नवी, बंद वेष्टनातली व एकदाच वापरायची असावी, कारण बी व सी प्रकारच्या काविळीचा आणि एचआयव्हीचा धोका सुईतूनच येतो. टोचण्याच्या बंदुकीचे प्लॅस्टिकचे अंग ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप. बंदुकीने कूर्चेचा चुरा होतो असे जे सांगितले जाते, त्याला मात्र २००८ साली नेदरलँड्समध्ये मृतदेहांच्या कानांवर झालेल्या अभ्यासात आधार मिळाला नाही. सुई व बंदूक यांनी कूर्चेची हानी सारखीच झालेली दिसली. अर्थात साधनापेक्षा शुद्धीचाच प्रश्न मोठा. अलंकार टायटॅनियमचा किंवा चोख सोन्याचा, आणि सूज सामावून घेण्याइतका सैल असावा. स्वस्त खोट्या दागिन्यांतील निकेलने कंडू व स्राव होतो आणि तो संसर्गच आहे असे वाटत राहते.

पुढची निगा साधी आहे आणि तिचा सारा भर हात न लावण्यावर आहे. उकळून गार केलेल्या पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ घालून, हात स्वच्छ धुऊन, दिवसातून दोनदा व्रण धुवावा व कोरडा करावा. हे पाणी रोज ताजे करावे, उरलेले टाकून द्यावे. अलंकार फिरवत बसू नये. घरातील वडीलधारी माणसे नेमके हेच करायला सांगतात. त्या कुशीवर झोपू नये, ओढणी व हेल्मेट सैल असावे, पोहणे बंद. हळदीबाबत आमचे मत काहींना कटू वाटेल. स्वयंपाकघरातील हळद उघड्या डब्यातली असते, तिच्यात भेसळीचा रंगही असू शकतो. ती ताज्या तरुणास्थिव्रणात भरू नये. जात्यादी तैल किंवा कडुलिंबाची काडी पालीच्या जुन्या छिद्राला चालेल, वरच्या कडेला व्रण कोरडा होईपर्यंत नाही.

अलीकडे अर्धशिशीसाठी कानाच्या आतील कूर्चेत कडी घालण्याची टूम आली आहे, आणि तिला आधार म्हणून सुश्रुतांचे अंत्रवृद्धीचे सूत्र दाखवले जाते. चिकित्सास्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायात शंखप्रदेशाच्या वर, कानाच्या टोकाशी सिरावेध सांगितला आहे, तो अंत्रवृद्धीसाठी. तो सिरेचा वेध आहे. कूर्चेत कायमची कडी अडकवण्याचा तेथे उल्लेख नाही, अर्धशिशीचाही नाही. आणि अशा कडीने डोकेदुखी जाते याला खात्रीलायक पुरावा आजवर पुढे आलेला नाही.

राहिले औषधविक्रेते. रुग्ण वैद्याकडे येण्यापूर्वी बहुधा तुमच्याच काउंटरवर येतो व 'कान पिकलाय, काहीतरी मलम द्या' म्हणतो. स्टेरॉइड मिसळलेली मलमे अशा वेळी सर्रास दिली जातात. त्यांनी लाली दोन दिवस उतरते, आत पू वाढत राहतो आणि रुग्ण निश्चिंत होतो. हायड्रोजन पेरॉक्साइड व स्पिरिट भरत आलेला व्रण पुन्हा जाळतात. प्रतिजैविके अनुसूची एचमध्ये आहेत, ती चिठ्ठीविना देऊ नयेत. द्यायचेच तर सलाइनची छोटी बाटली द्या आणि उघडल्यावर ती दिवसभरातच संपवायची, हेही सांगा. त्याआधी रुग्णाला ओढणी बाजूला करायला सांगून एकदा कान पाहा : सूज वरच्या भागात आहे आणि पाली मोकळी आहे काय? तसे असेल तर मलमाऐवजी तज्ज्ञाचा पत्ता कागदावर लिहून द्या आणि आजच जाण्यास सांगा.