कबऱ्या मांजरीचा वर्ण आणि बीजविचार

काळा, नारिंगी व पांढरा असे तिन्ही रंग ज्या मांजराच्या अंगावर दिसतात, ते बहुधा भाटीच असते, ही गोष्ट मांजरे पाळणाऱ्यांच्या जुन्या परिचयाची आहे. असा तिरंगी बोका अत्यंत विरळ, आणि आढळला तरी तो बहुधा प्रजोत्पादनास असमर्थ असतो. वरवर केवळ कौतुकाच्या वाटणाऱ्या या निरीक्षणातून वर्ण, लिंग व वंध्यत्व या तिहींचा बीजाशी असलेला संबंध स्पष्ट होतो. वंध्यत्वाचे रुग्ण तपासणाऱ्या वैद्यांना तो चिकित्सेतही उपयोगी पडणारा असल्याने त्याचा येथे विचार करू.

वर्णाचे अधिष्ठान

मांजराच्या केसांत मुख्यतः दोन रंगद्रव्ये असतात. युमेलॅनिन काळसर, तर फिओमेलॅनिन तांबूस-पिवळे. मांजराच्या पेशीत गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात. त्यांपैकी लिंगनिश्चिती करणारी जोडी भाटीत एक्स-एक्स, तर बोक्यात एक्स-वाय अशी असते. नारिंगी रंगाचा कारक बदल या एक्स गुणसूत्रावर आहे. २०२५ मध्ये जपान व अमेरिका येथील दोन संशोधकगटांनी तो 'एआरएचजीएपी-३६' या जनुकाच्या क्षेत्रात असल्याचे दाखविले. तेथील सुमारे ५,१०० बेस जोड्यांचा तुकडा गळाल्याने हे जनुक रंगपेशींत अकारण कार्यरत होते व काळ्या रंगद्रव्याची निर्मिती खुंटते.

बोक्याला एक्स गुणसूत्र केवळ मातेकडून मिळते. म्हणून भाटी नारिंगी व बोका काळा असल्यास त्यांचे सर्व नर पिल्लू नारिंगी, तर सर्व मादी पिल्लू कबरे निपजते. याउलट भाटी काळी व बोका नारिंगी असल्यास नर पिल्ले काळी होतात. मादी मात्र याही वेळी कबऱ्याच. नारिंगी होण्यास बोक्याला एकच कारक पुरतो, भाटीला दोन लागतात. म्हणूनच नारिंगी मांजरांत बोक्यांची संख्या अधिक दिसते. पांढऱ्या ठिपक्यांचे कारण निराळे आहे. गर्भावस्थेत रंगपेशी ज्या भागापर्यंत पोहोचत नाहीत तो भाग पांढरा राहतो. त्याचा लिंगाशी संबंध नाही.

एकाच देहात दोन रंग कसे?

१९४९ मध्ये कॅनडातील मरे बार व इवर्ट बर्ट्रम यांना मांजरीच्या मज्जापेशींत एक गडद कण दिसला. तो नरांत नव्हता. पुढे १९६१ मध्ये मेरी लायन यांनी उंदरांच्या वर्णावरून असा सिद्धांत मांडला की, स्त्रीगर्भाच्या आरंभीच प्रत्येक पेशीतील दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय होते. कोणते व्हावे, यास नियम नाही. परंतु एकदा झालेली निवड त्या पेशीपासून उत्पन्न होणाऱ्या सर्व पेशींत कायम राहते. ज्या पेशीवंशात नारिंगी कारक जागा राहिला तेथील केस नारिंगी, अन्यत्र काळे. बार यांना दिसलेला कण म्हणजे हेच निष्क्रिय एक्स होय.

तिरंगी बोका

बोक्याच्या अंगावर काळा व नारिंगी हे दोन्ही रंग यावयाचे तर त्याच्याजवळ सामान्यतः दोन एक्स गुणसूत्रे हवीत. अशा बोक्यांपैकी अनेकांत एक्स-एक्स-वाय ही रचना आढळते. काहींत दोन पेशीवंशांचे मिश्रण असते. मानवात हीच एक्स-एक्स-वाय रचना 'क्लाइनफेल्टर' विकार म्हणून ओळखली जाते. हॅरी क्लाइनफेल्टर व सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन १९४२ मध्ये केले, तर त्यामागील जादा गुणसूत्र १९५९ मध्ये उमगले. साधारण ५०० ते १,००० पुरुषांमागे एकास तो असतो. मांजराचा वर्ण ही रचना उघड सांगतो. मनुष्याच्या त्वचेवर तिची अशी कोणतीही खूण उमटत नाही.

संहितेतील दृष्टी

चरकाचार्यांनी शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या दुष्टीने अपत्यात विकृती येते असे सांगितले असून, शुक्रगत बीजभाग दुष्ट झाल्यास वंध्य पुत्र जन्मतो असाही निर्देश केला आहे. म्हणजे वंध्यत्व जन्मजात, बीजगत असू शकते, हा विचार आपल्याकडे सुस्पष्ट आहे. तथापि यावरून आचार्यांना गुणसूत्रे ज्ञात होती असे म्हणणे योग्य नव्हे. संहितेत केश व लोम हे पितृज भावांत गणले आहेत. बोक्याचा नारिंगी वर्ण तर मातेकडून येतो. क्लाइनफेल्टर विकारातील जादा एक्सदेखील माता किंवा पिता यांपैकी कोणाकडूनही येऊ शकते. तत्त्व स्वीकारावे, शब्दाला शब्द जुळवू नये, हेच शास्त्राच्या प्रतिष्ठेस शोभते.

चिकित्सेतील बोध

शुक्राणूंचा पूर्ण अभाव असलेल्या पुरुषास वर्षानुवर्षे वाजीकरण योग देत राहण्यापूर्वी वृषणांची परीक्षा अवश्य करावी. ते लहान व घट्ट असतील, स्तनवृद्धी असेल, दाढीमिशा विरळ असतील, तर संप्रेरकांची व गुणसूत्रांची तपासणी करून घ्यावी. ही लक्षणे नसली तरी शुक्राणूंचा अभाव हेच तपासणीस पुरेसे कारण आहे. जादा गुणसूत्र कोणत्याही औषधाने जात नाही. मात्र निदान वेळीच झाले तर टेस्टोस्टेरॉनच्या न्यूनतेमुळे होणारी अस्थिक्षीणता टाळता येते, आणि काही रुग्णांत शस्त्रकर्माने वृषणांतून शुक्राणू मिळविता येतात. विलंबाने पत्नीचे वय वाढत जाते, आणि पुष्कळदा अपत्यहीनतेचा दोषही निष्कारण तिच्याच माथी येतो. रसायन, आहार व सत्त्वावजय यांचे साहाय्य अशा रुग्णासही द्यावे. परंतु संततीचे आश्वासन देऊन नव्हे. साध्यासाध्यत्वाचा निर्णय चिकित्सेपूर्वी करावा, ही शास्त्राज्ञा येथे अक्षरशः पाळणे हेच वैद्याचे कर्तव्य ठरते.