कारखान्यास स्वस्त पाणी आणि दुष्काळाचा वाटा

शहराच्या पाणीपट्टीचा प्रश्न शहरवासीयांचा. त्याशी शेतकऱ्याचा संबंध तो काय, असे आपल्यापैकी पुष्कळांस वाटते. परंतु शहराचे पाणी नळात उत्पन्न होत नाही. ते कोठल्या तरी खोऱ्यातून, कोठल्या तरी धरणातून, आणि पुष्कळदा कोठल्या तरी शिवाराच्या हक्कातून आणलेले असते. ते पाणी कोणास, किती आणि काय भावाने द्यावयाचे हे शहराने ठरविले, म्हणजे पुढील टंचाईत शहराचा हात आणखी किती दूर पोहोचणार हेही त्याच ठरावात ठरून जाते. म्हणून एखादे शहर मोठ्या कारखान्यास पाण्याच्या दरात सवलत देते तेव्हा तो ठराव शेतकऱ्यानेही लक्षपूर्वक वाचावा. अमेरिकेतील टेक्सस संस्थानात कॉर्पस क्रिस्टी या बंदराच्या शहरी जे घडले, ते या दृष्टीने फार बोधप्रद आहे.

सवलतीमागील हिशेब

प्रथम सवलत देणाऱ्याची बाजू नीट समजून घेऊ. पाणीपुरवठ्याच्या कामात खर्चाचा मोठा भाग स्थिर असतो. धरण बांधले, मोठा नळ टाकला, गाळणीगृह उभारले, कर्जाचे हप्ते सुरू झाले, की पाणी कमी खपले तरी तो खर्च चुकत नाही. वीज व औषधे यांचा खर्च तेवढा खपाप्रमाणे वाढतो. अशा वेळी रोज ठराविक पाणी घेणारे ठोक गिऱ्हाईक मिळाले, तर स्थिर खर्चाचा काही भार ते उचलते व इतरांचा भार हलका होतो.

दुसरी गोष्ट अशी की कारखान्याची मागणी रात्रंदिवस सारखी असते. घरगुती मागणी सकाळ-संध्याकाळ एकदम वाढते, उन्हाळ्यात तर फारच वाढते. आणि नळ व पंप त्या ऐन वेळच्या मागणीच्या मापाने बसवावे लागतात. शिवाय कारखान्यास एकच मोठी जोडणी पुरते, गल्लोगल्ली बारीक नळ न्यावे लागत नाहीत. एवढ्यावरून कारखान्याचा दर हजार गॅलनांमागे काहीसा कमी ठेवणे हे अन्यायाचे आहे असे म्हणता येत नाही. अमेरिकेतील पुष्कळ शहरांत याच विचाराने उतरत्या टप्प्यांचा दर चालू होता; म्हणजे जो जितके जास्त पाणी घेईल त्यास पुढील पाणी तितके स्वस्त. गेल्या चार-पाच दशकांत बऱ्याच शहरांनी ही रीत सोडून सरसकट अथवा चढता दर धरला, याचे कारण पुढे येईल.

हिशेब कोठे फिरतो

वरील हिशेब पाणी शिल्लक आहे तोपर्यंतच खरा असतो. विहिरीस पाणी मुबलक असता शेजाऱ्यास एक पाळी दिली, तर आपले काही जात नाही. पण विहीर तळास लागल्यावर तीच पाळी आपल्या उभ्या पिकातून दिलेली असते. शहराचेही तसेच. जवळचे, स्वस्त पाणी शहर आधी घेते. ते पुरे पडेनासे झाले, की पुढचा थेंब दुरून, खोलातून किंवा समुद्रातून आणावा लागतो आणि तो आधीच्या थेंबाच्या कितीतरी पट महाग पडतो. अशा वेळी मोठ्या गिऱ्हाइकास जुन्या स्वस्त पाण्याच्या दराने पाणी देणे, म्हणजे नव्या महाग पाण्याचा बोजा उरलेल्या सर्वांवर लादणे होय.

कॉर्पस क्रिस्टीचे पाणी

कॉर्पस क्रिस्टी हे मेक्सिकोच्या आखातावरील सुमारे सव्वातीन लाख वस्तीचे शहर. आसपासचा मुलूख कोरडवाहू. कापूस व ज्वारी ही तेथील मुख्य पिके. पाऊस बेभरवशाचा. शहराचे पाणी मूळचे न्युएसिस नदीच्या खोऱ्यातले. या खोऱ्यातील कॉर्पस क्रिस्टी तलावाचे मोठे धरण १९५८ साली व चोक कॅनियनचे धरण १९८२ साली पुरे झाले. तेवढ्याने भागेना, तेव्हा १९९८ साली सुमारे शंभर मैल लांबीचा नळ टाकून टेक्साना तलावाचे पाणी आणण्यात आले.

यानंतरचा टप्पा शेतकऱ्यांनी विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. टेक्ससमधील कोलोरॅडो नदीवर गारवुड नावाची एक पाटबंधारे कंपनी भातशेतीस पाणी देत असे. तिचा हक्क इसवी सन १९०० चा, म्हणजे त्या नदीवरील अतिशय जुन्या हक्कांपैकी एक. या हक्कातील वर्षाला ३५,००० एकरफूट पाणी कॉर्पस क्रिस्टीने १९९० च्या दशकात विकत घेतले. (एक एकर जमिनीवर एक फूट उभे राहील इतके पाणी म्हणजे एक एकरफूट, ते सुमारे सव्वाबारा लाख लिटर भरते.) ते पाणी आणण्यासाठी सुमारे ४० मैलांचा आणखी एक नळ टाकावा लागला व तो २०१६ साली तयार झाला. एके काळी भाताच्या खाचरांत खेळणारे पाणी याप्रमाणे बंदराच्या शहराकडे वळले.

ते पाणी कोणत्या मागणीस तोंड देत आहे हेही पाहावे. या शहराच्या बंदराभोवती तेल शुद्ध करण्याचे व रसायनांचे मोठमोठे कारखाने आहेत, आणि शहराच्या पाण्याचा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक भाग उद्योगांकडे जातो असे तेथील वृत्तांत सांगतात. एक्सॉनमोबिल व सौदी अरबस्तानची साबिक या दोन कंपन्यांचा प्लास्टिकच्या कच्च्या मालाचा प्रचंड कारखाना शेजारच्या सॅन पॅट्रिसिओ काउंटीत २०२२ च्या सुमारास सुरू झाला. त्याची योजना चालू असता त्यास रोज २ कोटी गॅलनांपर्यंत पाणी लागेल असे सांगितले गेले होते. रोजचे २ कोटी गॅलन म्हणजे वर्षाचे सुमारे २२,४०० एकरफूट. गारवुडच्या भातकऱ्यांचा जो हक्क शहराने विकत घेतला, त्याचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग एकट्या एका कारखान्याच्या कमाल मागणीत खपून जावा, असे हे प्रमाण आहे.

पंचवीस सेंटांची माफी

आता सवलतीकडे वळू. दुष्काळात पाण्याचा वापर कमी व्हावा म्हणून जास्त वापरावर जादा आकार बसविण्याची तरतूद पुष्कळ शहरांच्या नियमांत असते. तशी ती कॉर्पस क्रिस्टीतही होती. २०१८ साली शहराने असा ठराव केला की, मोठ्या औद्योगिक गिऱ्हाइकांनी दर हजार गॅलनांमागे २५ सेंट बारमहा भरावे. त्याबद्दल त्यांस दुष्काळी जादा आकार माफ होईल. जमा होणारा पैसा दुष्काळातही न आटणारे पाणी मिळविण्याकडे, विशेषतः समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या कामाकडे लावावयाचा होता.

वरवर पाहता ही सवलतच नव्हे. कारखाने उलट नेहमीपेक्षा चार पैसे अधिक देत होते. परंतु ही रक्कम पाण्याची किंमत नव्हती. तो दुष्काळाचा विमा होता, आणि विम्याचा हप्ता पुरेसा आहे की नाही हे ज्या नुकसानीचा विमा उतरविला तिच्याशी ताडून पाहावे लागते. रोज १ कोटी गॅलन पाणी घेणारे गिऱ्हाईक या हिशेबाने दिवसास २,५०० डॉलर, म्हणजे वर्षास सुमारे ९ लाख १२ हजार डॉलर भरील. उलटपक्षी, समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या कारखान्याचा अंदाज वाढत वाढत २०२५ पर्यंत सुमारे १२० कोटी डॉलरांवर गेला, आणि त्यातून रोज मिळावयाचे पाणी होते ३ कोटी गॅलन. समजा, एवढी रक्कम शेकडा ४ दराने कर्जाऊ काढली. तर नुसते व्याजच वर्षाला ४ कोटी ८० लाख डॉलर होईल. ते भागविण्यास रोज कोटी गॅलन घेणारी बावन्न-त्रेपन्न गिऱ्हाइके लागतील! मुद्दल, वीज व देखभाल यांचा खर्च तर निराळाच. हप्ता लहान व नुकसान मोठे, असा हा विमा होता. आणि उरलेली जोखीम अर्थातच शहराच्या इतर बिलदारांवर राहिली.

दुष्काळ आला तेव्हा

पुढे पाऊस ओढ देऊ लागला. न्युएसिस खोऱ्यातील दोन्ही तलावांचा मिळून साठा शेकडा २० च्या खाली गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये शहराने दुष्काळाच्या तिसऱ्या टप्प्याचे निर्बंध जारी केले. घरापुढील हिरवळीस पाणी घालण्यास बंदी झाली. कारखान्यांच्या यंत्रांत तापलेले पाणी वाफ होऊन उडत आहे आणि आमच्या अंगणातील झाडे मात्र वाळत आहेत, हे पाहून नागरिकांनी प्रश्न विचारावे यात नवल नाही. कारखानदारांचे म्हणणे असे की, आम्ही ठरल्याप्रमाणे पैसे भरले आहेत. नोकऱ्या व कर आमच्यामुळे आहेत. आणि आमची यंत्रे एकदम थांबविता येत नाहीत. हे म्हणणेही खोटे नाही. कराराप्रमाणे वागणाऱ्यास दोष देण्यापेक्षा करार कोणी व कसा केला हे पाहणे अधिक उपयोगाचे.

सप्टेंबर २०२५ मध्ये शहराच्या कौन्सिलने वाढलेला खर्च पाहून समुद्राच्या पाण्याच्या कामाचा पुढील करार नामंजूर केला. तेव्हा ज्या नव्या पाण्याच्या भरवशावर माफी दिली होती, ते पाणी दुष्काळ ऐन भरात असता हाती आलेले नव्हते. त्याच सुमारास शहराने सॅन पॅट्रिसिओ काउंटीतील इव्हँजेलिन नामक भूजलस्तराकडे मोर्चा वळविला. टेक्ससच्या कायद्याने जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचे. तो ते विकू शकतो. परंतु त्याच थरावर ज्याची तहान भागते त्या सिंटन गावाने या योजनेस हरकत घेतली. शहराचा हात दूर पोहोचतो असे आरंभी म्हटले, ते असे.

जुना हक्क आणि नवा ठराव

शेतकऱ्यांच्या जगात टंचाईचा प्रश्न नवा नाही, व त्याचे कायदेही जुने आहेत. टेक्ससच्या नद्यांवर ज्याचा हक्क आधीचा त्यास पाणी आधी, असा नियम आहे. २०१२ पासून लागोपाठ चार वर्षे कोलोरॅडो नदीवरील बहुतेक भातकऱ्यांस कालव्याचे पाणी मिळाले नाही. गारवुडच्या भागास मात्र, त्याचा हक्क १९०० सालचा म्हणून, पाणी मिळाले. हा नियम कठोर खरा, पण तो सर्वांस आगाऊ ठाऊक असतो. खानदेशातील पांझरा व बागलाणातील मोसम या नद्यांवरील आपली फडपद्धती याहून समतेची: बंधाऱ्यात पाणी किती आहे हे पाहून त्या वर्षी किती फड भिजवावयाचे ते ठरते, आणि एकेकाची जमीन निरनिराळ्या फडांत असल्याने तुटीचा वाटाही बहुतेकांच्या पदरी पडतो. कॉर्पस क्रिस्टीच्या ठरावाने यांपैकी काहीच केले नाही. त्याने हजार गॅलनांमागे पाव डॉलरात दुष्काळातील अग्रहक्कासारखे काहीतरी विकले, आणि त्यास अग्रहक्क असे नाव मात्र दिले नाही.

आपल्याकडेही हाच प्रश्न उलट बाजूने पुढे आला होता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरास पाणी न्यावे लागत असता, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्याच्या कारखान्यांचे पाणी प्रथम शेकडा ५० व १० मे पासून शेकडा ६० कमी करण्याचा आदेश दिला. तेथे तुटीचा वाटा कारखान्यांवरही पडला. पण तो पडला न्यायालयाच्या दारात, आणि पाणी संपत आल्यावर. करारातच ही गोष्ट आधी लिहिलेली असती तर कारखानदार व रयत या दोघांचीही सोय झाली असती.

ठरावात काय पाहावे

यावरून शेतकरी संघांनी व ग्रामपंचायतींनी आपल्या खोऱ्यातून शहरास जाणाऱ्या पाण्याबाबत पुढील गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, मोठ्या गिऱ्हाइकाचा दर ठरविताना शहराने जुन्या धरणाचा खर्च धरला आहे की पुढे आणावयाच्या पाण्याचा, हे उघड करावे. दुसरी, नवे पाणी प्रत्यक्ष हाती येईपर्यंत त्याच्या भरवशावर कोणासही कायम माफी देऊ नये. तिसरी, सवलतीस मुदत असावी व साठा ठराविक पातळीखाली जाताच ती आपोआप बंद व्हावी. चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची: टंचाईत कोणाचे पाणी किती कमी होणार, याचा तक्ता करारावर सही होण्यापूर्वी प्रसिद्ध व्हावा.

कारखाने नकोत असे कोणी सुज्ञ शेतकरी म्हणणार नाही. आपल्याच मुलांस तेथे काम मिळते. परंतु पाण्याचा खरा भाव सुकाळातील बिलावर कधीच लिहिलेला नसतो. साठा तळास गेल्यावर कोणाचा नळ चालू राहतो व कोणाची पाळी चुकते, तेथे तो कळतो. म्हणून दराचा कागद हाती आला की प्रथम दुष्काळाचे कलम वाचावे.