कांद्याचे उळे आणि आग्या मोहोळ

मध कसा तयार होतो, माशी का डसते आणि माश्या नाहीशा झाल्या तर शेतीचे काय होईल, हे प्रश्न बहुधा मधमाशी नावाचा एकच कीटक डोळ्यांसमोर ठेवून विचारले जातात. महाराष्ट्रात मात्र मध साठवणाऱ्या माश्यांचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांची घरे, स्वभाव व माणसाशी असलेले नाते यांत इतका फरक आहे की, माशी कोणती हे ठरल्याखेरीज या प्रश्नांची नीट उत्तरे देता येत नाहीत.

सर्वांत मोठी ती आग्या माशी. उंच झाडाची आडवी फांदी, कड्याचा पुढे आलेला भाग किंवा पाण्याच्या टाकीचा तळ अशा ठिकाणी ती उघड्यावर एकच पोळे बांधते आणि ते मीटरभर किंवा त्याहूनही रुंद होऊ शकते. लहानखुरी फुलोरी माशी झुडपाच्या डहाळीभोवती तळहाताएवढे पोळे करते. या दोन्ही माश्या उजेडात राहणाऱ्या असल्यामुळे पेटीत टिकत नाहीत. सातेरी माशी मात्र झाडाची ढोली, वारूळ किंवा खडकातील पोकळी अशा अंधाऱ्या जागी एकमेकांना समांतर अशी अनेक पोळी बांधते, आणि याच सवयीमुळे ती लाकडी पेटीतील चौकटी सहज स्वीकारते. महाबळेश्वर परिसरातील मधपाळांचा व्यवसाय मुख्यतः याच माशीवर उभा राहिला. त्याच तालुक्यातील मांघर हे २०२२मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. मैदानी भागातील पेट्यांत आढळणारी मेलिफेरा ही मूळची परदेशी माशी असून ती १९६०च्या दशकात उत्तर भारतात स्थिरावली आणि नंतर इतरत्र पोहोचली. याशिवाय भिंतींच्या भेगांत मेण व झाडांचा चीक वापरून घर करणारी, डंख नसलेली पोयाची माशीही थोडा मध साठवते.

या सर्व माश्यांमधील समान गोष्ट म्हणजे त्यांचे सामूहिक जीवन. राणीचे काम अंडी घालण्याचे असते. ती आयुष्याच्या आरंभी आकाशात अनेक नरांशी मीलन करते आणि मिळालेले शुक्राणू पोटातील एका पिशवीत, म्हणजे शुक्रधानीत, पुढे दीर्घकाळ जिवंत ठेवते. फलित अंड्यापासून मादी निपजते आणि अफलित अंड्यापासून नर, त्यामुळे नराला आजोबा असतो पण पिता नसतो. राणी आणि कामकरी माशी या दोघींची अंडी सारखीच असतात. फरक पडतो तो आहाराने. तरुण कामकरी माश्यांच्या डोक्यातील ग्रंथींतून स्रवणारे राजान्न हे पौष्टिक खाद्य जिला अळीअवस्थेत अखेरपर्यंत भरपूर मिळते ती राणी होते, आणि जिला काही दिवसांनी पराग व मधाच्या मिश्रणावर यावे लागते ती कामकरी होते. मेलिफेराची कामकरी माशी भर हंगामात सुमारे सहा आठवडे जगते. त्यातील पहिला निम्मा काळ ती पोळ्यात सफाई, अळ्यांचे संगोपन, मेण गाळणे आणि पहारा ही कामे वयोमानाप्रमाणे करते, आणि शरीराची झीज करणारे बाहेरचे काम आयुष्याच्या उत्तरार्धात स्वीकारते.

बाहेरून परतलेली माशी फुलोऱ्याचा पत्ता इतरांना नाचून सांगते, हे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने उलगडले आणि त्यांना १९७३मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. अंधाऱ्या पोळ्याच्या उभ्या पृष्ठभागावर ती शरीर थरथरवत सरळ रेषेत चालते. त्या रेषेचा उभ्या दिशेशी होणारा कोन म्हणजे सूर्याच्या दिशेशी फुलांनी केलेला कोन, आणि त्या चालीचा कालावधी म्हणजे अंतर. मेंदू इतका लहान असूनही हा जीव एका दिशेचे रूपांतर दुसऱ्या दिशेत करतो, ही जीवशास्त्रातील अत्यंत विस्मयकारक गोष्टींपैकी एक म्हटली पाहिजे.

मध हा फुलांतील मकरंदापासून होतो. माश्यांच्या शरीरातील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, त्यातील साखरेचे विघटन करतात आणि पंखांच्या वाऱ्याने त्यातील पाणी कमी होते. मध थिजणे हा भेसळीचा पुरावा नव्हे, कारण द्राक्षशर्करा अधिक असलेला शुद्ध मधही स्वाभाविकपणे रवाळ होतो. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध अजिबात चाटवू नये, कारण त्यात असू शकणारे विशिष्ट जिवाणूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून घातक विष निर्माण करू शकतात.

माश्या संपल्या तर मानवजात चार वर्षांत संपेल, हे आइन्स्टाइन यांच्या नावावर खपवले जाणारे वाक्य त्यांचे असल्याचा पुरावा नाही आणि त्यातील विधानही खरे नाही. गहू, ज्वारी, भात यांना माशीची गरज नसते. गरज कुठे असते, हे कांद्याच्या बीजोत्पादनात स्पष्ट दिसते. कांदा लावून त्यातून निघालेल्या डोंगळ्यावर शेकडो बारीक फुलांचा गोंडा येतो. प्रत्येक फुलातील पुंकेसर आधी पराग सोडतात आणि स्त्रीकेसर पराग स्वीकारण्यास नंतर तयार होतो, त्यामुळे त्या फुलाला स्वतःचा पराग उपयोगी पडत नाही आणि तो कोणीतरी दुसऱ्या फुलावरून आणून द्यावा लागतो. हे काम मुख्यतः माश्या करतात. फुलकिड्यांच्या भीतीने ऐन फुलोऱ्यात कीटकनाशक फवारले तर किडीसोबत माश्याही मरतात, गोंडे हिरवेगार दिसूनही उळे, म्हणजे कांद्याचे बी, भरत नाही, आणि नुकसानीचे खापर हवामानावर फुटते. टोमॅटो आणि वांग्याची गोष्ट आणखी वेगळी आहे: त्यांचे पराग परागकोशाच्या टोकावरील छिद्रांतून हादऱ्याने बाहेर पडतात, आणि असा हादरा देणे मधमाशीला साधत नाही, ते काम निळे भुंगे आणि इतर रानमाश्या करतात. म्हणून पेट्या वाढवल्या की परागीभवनाचा प्रश्न सुटला, असे मानणे चुकीचे आहे.

पेटीत न मावणाऱ्या आग्या माशीचे शेतीवरील ऋण मोठे असूनही तिच्या वाट्याला येतो तो मशालीचा जाळ. ती डसते ती घराच्या रक्षणासाठी. कामकरी माशीच्या नांगीला उलटे काटे असल्यामुळे नांगी कातडीत रुतून बसते, विषाची पिशवी तुटून मागे राहते आणि माशी मरते; मात्र त्याच जागी सुटलेला धोक्याचा गंध इतर माश्यांना बोलावतो. मोहोळाखाली चूल पेटवणे, दगड मारणे किंवा मोहोळ घार या पक्ष्याने झडप घालणे यांमुळे मोठे हल्ले होतात. अशा वेळी हात न झाडता त्वरेने दूर जाऊन बंदिस्त जागा गाठणे आणि नांगी लगेच खरवडून काढणे हाच उपाय. अनेक दंश झाले किंवा श्वास घेणे जड झाले तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. गडावर वा इमारतीवर वर्दळीपासून दूर उंचावर असलेले मोहोळ जाळण्याचे समर्थन करता येत नाही, कारण या माश्या स्थलांतर करणाऱ्या असून फुलोरा सरला की त्या स्वतःच जागा सोडतात. मधासाठीही जाळ आवश्यक नाही: पोळ्यातील मध फांदीलगतच्या वरच्या जाड भागात असतो आणि अळ्या खालच्या भागात, त्यामुळे संरक्षक पोशाख घालून केवळ मधाचा भाग कापून घेतल्यास वसाहत वाचते.

पाळीव सातेरीवरील संकट वेगळे होते. १९९०च्या दशकाच्या आरंभी अळ्यांना पिशवीसारखे फुगवून मारणाऱ्या विषाणूजन्य रोगाने दक्षिण भारतातील तिच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या. त्यातून वाचलेल्या आणि रानात ढोल्यांमध्ये टिकलेल्या वसाहतींपासूनच पुढे पेट्या पुन्हा भरता आल्या, आणि म्हणून जुनी, पोकळ झालेली झाडे निरुपयोगी ठरवून तोडणे मधपाळाच्या दृष्टीने थेट तोट्याचे आहे. शेतकऱ्याच्या हाती असलेली गोष्ट त्याहून सोपी आहे: फुलोऱ्याच्या काळात फवारणी टाळावी, आणि अगदीच टाळता येत नसेल तेव्हा शेजारच्या मधपाळाला आदल्या दिवशी कळवून, माश्या घरी परतल्यावर, सूर्यास्तानंतर ती करावी.