काळजातला पाट

आपल्या बोलीत काळीज तुटते, पिळवटते, उलते. कवितेने ते छातीत नेऊन ठेवले. मटणवाल्याने मात्र जागेवरच ठेवले. त्याची ‘कलेजी’ म्हणजे यकृत. शब्दाचे मूळही तिथलेच. संस्कृतात ‘कालेय’ म्हणजे यकृत.

हा अवयव दिसतो एकजिनसी. कुठेही कापा, तोच तपकिरी गर. मग पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने पेशी मरतात, तेव्हा त्या सगळीकडे सारख्या का मरत नाहीत? उत्तर रक्ताच्या वाटेत आहे.

फ्रान्सिस किएर्नन यांनी १८३३ साली यकृताच्या खंडिकांचे सविस्तर वर्णन केले. खंडिका साधारण षटकोनी, मिलिमीटरभर रुंदीची. रक्त तिच्या कोपऱ्यांतून शिरते आणि मधल्या शिरेतून बाहेर पडते. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून येते, म्हणजे बराच प्राणवायू खर्चून. उरलेले रोहिणीतून ताजे. हे मिश्रण वीसेक पेशींना स्पर्श करत मध्याकडे जाते. काठावर प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या ६० ते ६५ मिलिमीटर असतो; मध्याशी तो ३० ते ३५ वर येतो.

आपल्याकडे पाटाच्या तोंडाशी ऊस आणि शेपटाकडे ज्वारी दिसते, तसेच इथे. काठावरच्या पेशींत नवे ग्लुकोज घडवणारी, चरबी जाळणारी, युरिया बनवणारी विकरे अधिक. मध्याकडे ग्लुकोज फोडणारी आणि औषधांवर प्रक्रिया करणारी विकरे अधिक. गुणसूत्रे दोन्हीकडे तीच.

पण हा प्राणवायूचाच परिणाम कशावरून? जर्मनीतील गटिंगेन येथे कुर्ट युंगरमान आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या यकृतपेशी शरीराबाहेर वाढवल्या. ग्लुकॅगॉन हे संप्रेरक दिल्यावर ग्लुकोज घडवणारे एक प्रमुख विकर भरपूर प्राणवायूत जास्त तयार झाले. इन्सुलिन दिल्यावर ग्लुकोकायनेज मात्र कमी प्राणवायूत जास्त वाढले.

तरीही एकटे पाणी पीक ठरवत नाही. अमोनियापासून ग्लुटामिन बनवणारे विकर मधल्या शिरेभोवतीच्या एकदोन रांगांतच सापडते. हळूहळू उतरणारा प्राणवायू इतकी ठळक सीमा आखू शकत नाही. ती आखण्यात त्या शिरेच्या अस्तरातून निघणाऱ्या ‘विंट’ या संदेशाचा मोठा वाटा आहे.

आता सुरुवातीचा प्रश्न. पॅरासिटामॉलचा थोडा भाग विषारी पदार्थात बदलणारे विकर मध्याकडेच दाटलेले असते. नेहमीच्या मात्रेत ग्लुटाथायोन ते विष निकामी करते. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोन संपते आणि शेपटाकडच्या पेशी आधी मरतात. हृदय थकल्यावरही झळ त्यांनाच: रक्त तुंबते, प्राणवायू मध्यापर्यंत पुरत नाही, आणि कापलेले यकृत जायफळासारखे गडद-फिकट दिसते.

यातली घरी लक्षात ठेवण्याची गोष्ट एवढीच. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते; तापाच्या गोळीसोबत त्याची बेरीज नकळत होते. अतिमात्रेनंतर पहिल्या दिवशी माणूस बरा वाटू शकतो, आणि उतारा तर पहिल्या आठ तासांत सर्वांत प्रभावी असतो. म्हणून अशा वेळी ‘काही होत नाहीये, उद्या पाहू’ म्हणू नये. तडक रुग्णालय गाठावे.