कुत्र्यातील स्वादुपिंडाचा दाह : आहारात चरबी किती असावी?

जत्रेत बोकड कापला की उरलेली चरबी, कातडी आणि रश्श्यावरची तर्री राखणीच्या कुत्र्याच्या वाट्याला येते. त्यानंतर एक-दोन दिवसांत कुत्रे वारंवार उलट्या करू लागले, खाणे सोडले, पोटाला हात लावू देईना, किंवा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरू लागले, तर स्वादुपिंडाला सूज आल्याची शंका घ्यावी.

स्वादुपिंड ही जठराजवळची ग्रंथी. चरबी आणि प्रथिने पचवणारे रस ती तयार करते. हे रस एरवी आतड्यात पोचल्यावरच काम सुरू करतात. दाह झाला की ते ग्रंथीतच सक्रिय होतात आणि ग्रंथीलाच पचवू लागतात. वेदना फार असतात, तीव्र आजारात कुत्रे दगावू शकते. नेमके कारण अनेकदा सापडत नाही. पण लठ्ठ कुत्री आणि अचानक खाल्लेले तेलकट, चरबीयुक्त अन्न यांचा धोका मोठा आहे.

उलट्या सुरू असताना नुसता आहार बदलून भागत नाही. उंदराचे औषध, कीटकनाशक किंवा पार्व्हो यांतही कुत्रे उलट्या करते, त्यामुळे पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्या. सलाइन, उलटी थांबवणारी आणि वेदनाशामक औषधे तेच देतील. घरातली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची गोळी कुत्र्याला मुळीच देऊ नका. उलटी आटोक्यात आल्यावर कुत्र्याला दिवसेंदिवस उपाशीही ठेवू नये.

पुढचा भाग तुमच्या हातात आहे. आजारातून उठलेल्या कुत्र्याच्या आहारात, शुष्क पदार्थावर हिशेब केल्यास, चरबी साधारण 10 टक्क्यांच्या आत असावी. हा हिशेब डेअरीच्या पावतीवरून लगेच कळतो. म्हशीच्या दुधाचे फॅट 6 आणि एसएनएफ 9 असेल, तर पाणी वगळून 15 भाग घन पदार्थ उरतात. त्यांत 6 भाग चरबी, म्हणजे 40 टक्के! गाईच्या 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या दुधातही ती 29 टक्क्यांवर जाते. दूध-भाकरी हलकी म्हणून या कुत्र्याला देणारे बरेच असतात. ती हलकी नाही. खाद्याच्या डब्यावर चरबी 5 टक्के आणि ओलावा 75 टक्के लिहिलेला असेल, तर खरी चरबी 20 टक्के होते.

सुरुवातीला मऊ शिजवलेला भात आणि कातडी काढून उकडलेले कोंबडीच्या छातीचे मांस द्यावे. मांस एक भाग, भात दोन भाग. उकडलेला लाल भोपळा, अंड्याचा फक्त पांढरा भाग चालतो. पिवळ्यात चरबी असते. तेल, तूप, मीठ-मसाला, कांदा-लसूण नको. दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खाऊ घाला, पाणी कायम समोर असू द्या. मात्र भात-कोंबडीवर महिनोन्‌महिने ठेवल्यास कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे कमी पडतात. म्हणून पुढचा आहार पशुवैद्यकाला विचारून ठरवा. एकदा दाह झालेल्या कुत्र्याला तो पुन्हा होऊ शकतो. काहींना कमी चरबीचा आहार कायम लागतो.

घरातल्या सगळ्यांना आणि गड्यालाही हे सांगून ठेवा. एकाने पथ्य पाळायचे आणि दुसऱ्याने लाडाने चरबीचा तुकडा टाकायचा, असे होते. कार्याच्या दिवशी कुत्रे बांधून ठेवा आणि उरलेली चरबी-कातडी त्याला उकरता येणार नाही इतकी खोल पुरा.